गावापुरती नोट

आज विषय सुट्ट्या पैशांचा. हसू नका, ऐका.

२०१६ चा नोव्हेंबर. ८ तारखेला रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या, आणि १४ तारखेला जिल्हा बँकांना त्या जुन्या नोटा घ्यायचीच मनाई झाली. आमच्या राधानगरीकडं दुधाचं, उसाचं बिल जमा होतं ते जिल्हा बँकेतच. म्हणजे बघा. मी दोन हजारची गुलाबी नोट घेऊन किराणा आणायला गेलो. दुकानदारकाकांनी होते नव्हते ते सुटे गोळा करून दिले, तरी ३५ रुपये कमी पडले. वहीचं पान फाडलं, ‘३५ रु. देणे’ लिहिलं, सही ठोकली. म्हणाले, "पुढच्या खेपेला आण, वळतं करतो."

आज्जी म्हणाली, "ह्यो कागूद म्हंजी नोटच की!"

आज्जी बरोबर होती. स्पेनमध्ये अख्ख्या गावांनी हेच केलंय. १९३६ च्या जुलैत तिथं यादवी युद्ध पेटलं. लोकांनी चांदीचे पेसेटा घरात दडवले. बाजारात चिल्लर संपली, पाव घ्यायचा कसा? मग नगरपालिकांनीच छोट्या नोटा छापल्या. कॅटलोनियात तर गावोगावी. बहुतेक नोटा आपल्या वेशीच्या आतच चालायच्या. पुढच्या गावात नुसता कागद. जानेवारी १९३८ मध्ये सरकारनं त्यावर बंदी घातली. पण चिल्लर तर पाहिजेच, म्हणून सरकारनंच पुठ्ठ्याच्या गोल चकत्यांवर टपाल तिकिटं चिकटवून दिली! १९३९ ला फ्रँको जिंकला आणि हरलेल्या सरकारच्या नोटा रद्द. ज्यांनी घाम गाळून त्याच नोटा साठवल्या होत्या, त्यांचं काय झालं असेल, विचार करा.

आपल्याकडं यादवी नव्हती, पण दुसरं महायुद्ध होतं. जून १९४० मध्ये फ्रान्स पडलं आणि इथं लोक नोटा देऊन चांदीचे रुपये मागायला लागले. सरकारनं गरजेपेक्षा जास्त रुपये साठवायला बंदी केली, जुलैत एक रुपयाची कागदी नोट काढली. १९४३ ला तांबं वाचवायला भोकाचा पैसा आला. आज्जीकडं तसले चार होते, दोऱ्यात ओवलेले. जुनागढ, मोरवी, नवानगर, बिकानेर अशा संस्थानांनी तर पैशा-आण्याची कुपनं छापली. अगदी बसच्या तिकिटाएवढी.

आज रिझर्व्ह बँक कायद्याचं कलम ३१ सांगतं, की वाहकाला मागताक्षणी पैसे देऊ, असं वचन छापून वाटणं कुणाही खासगी माणसाला चालत नाही. काकांना कुठलं कलम माहीत! त्यांना आम्ही माहीत होतो, एवढंच.

ती चिठ्ठी वळती करायची राहूनच गेली. काका वारले, दुकान बंद झालं. मुलगा पुण्याला. मध्यंतरी फोनवर त्याला सहज सांगितलं, तर लगेच म्हणतो, "दादा, नंबर द्या, यूपीआय करतो."

नको म्हटलं. चिठ्ठी अजून पाकिटात आहे.