हजेरीपटावर न आलेली माणसे



सरकार एखादे धोरण बदलते तेव्हा गरिबाच्या घरात नेमके काय बदलते, हे आपण कसे तपासतो आणि कुठे कमी पडतो, एवढेच आज मांडायचे आहे. या विषयावर जगभर लिहिले गेले आहे. पण त्यातला एक फार मोलाचा दाखला आपल्याच मातीतला आहे, तो म्हणजे महाराष्ट्राची रोजगार हमी योजना (रोहयो).

विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला मागेल त्याला काम देण्याच्या या कल्पनेचा पहिला प्रयोग केला. १९७२च्या दुष्काळात ती राज्यभर पोचली. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शहरातल्या नोकरदाराने भरलेल्या व्यवसाय करातून खेड्यातल्या मजुराला काम मिळू लागले. आता याचे मोजमाप कसे करायचे? वाटलेली मजुरी म्हणजेच झालेला फायदा, असे सरकारी अहवाल धरून चालतात. पण पाझर तलावावर माती वाहायला गेलेली बाई त्या दिवशी कुणाच्या तरी रानात खुरपायला गेली असती. तो रोज बुडाला, तो वजा करायला हवा. तिच्यामागे घरचे पाणी कुणी भरले, धाकट्याला कुणी सांभाळले, हेही विचारायला हवे.

हे विचारता आले ते दोन गावांमुळे. सोलापूर जिल्ह्यातले शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातले कान्झारा. १९७५पासून इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेचे अन्वेषक तिथे मुक्कामाला राहिले. ठरावीक दिवसांनी त्याच घरी जायचे आणि कोण कुठे कामाला गेले, किती मिळाले, हे लिहून घ्यायचे. वर्षानुवर्षे त्यांनी हेच केले. त्या नोंदींवरून गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हॅलियन या अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा रोहयोच्या मजुरीतला साधारण चौथा हिस्सा बुडालेल्या दुसऱ्या कमाईपोटी जातो, असे दिसले. म्हणजे रुपयातले बारा आणे खरोखर घरात येत होते. योजनेच्या बाजूने यापेक्षा भक्कम साक्ष मला माहीत नाही.

याच योजनेची दुसरी बाजूही अभ्यासातूनच कळली. १९८८मध्ये किमान वेतन वाढले आणि त्याबरोबर रोहयोची मजुरी जवळपास दुप्पट झाली. कागदावर गरिबांच्या हिताची याहून चांगली सुधारणा कोणती? मजुरी वाढली म्हणजे कामावर झुंबड उडायला हवी होती. झाले उलटेच, हजेरी घटली. रॅव्हॅलियन, दत्त आणि शुभम चौधरी यांनी १९९३ साली दाखवून दिले, की कामाची मागणी असूनही सगळ्यांना काम मिळत नव्हते. ज्याचे नाव हजेरीपटावर चढले त्याला दुप्पट मिळाले. ज्याला कामच दिले गेले नाही, त्याची नोंदही कुठे उरली नाही. फक्त हजेरीपट पाहून मूल्यमापन करणाऱ्याला ही माणसे कधीच दिसणार नाहीत.

रेशनचेही तेच. १९९७ साली सार्वत्रिक रेशन मोडून लक्ष्यित व्यवस्था आली. पुढे पिवळे, केशरी, पांढरे अशी कार्डे झाली आणि पिवळ्या कार्डाला वर्षाला १५,००० रुपयांची उत्पन्नमर्यादा लागली. भागाकार करून पाहा. दिवसाला ४१ रुपये, तेही अख्ख्या कुटुंबाचे! मुंबईच्या झोपडपट्टीत घरातले एक माणूस नियमित कामाला जात असेल, तरी ते घर या रेषेच्या वर जात होते. धान्य कुणाला मिळाले याचे आकडे दुकानदारापासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांकडे असतात. कुणाचे तुटले, याची वही कुणाकडेच नसते.

आणि आता जे सांगतो आहे, त्याची मला सर्वांत जास्त चिंता वाटते. २०११-१२नंतर देशाच्या कौटुंबिक उपभोग खर्चाचे अधिकृत निष्कर्ष आले ते थेट २०२२-२३चे. मधले २०१७-१८चे सर्वेक्षण झाले, पण सरकारने त्याचे निष्कर्ष जाहीर केले नाहीत. या अकरा वर्षांत नोटाबंदी झाली, जीएसटी आला, टाळेबंदी झाली. गरीब घरांनी हे सगळे सोसले आणि आपल्या हाती त्याची अखंड नोंद नाही. गैरसोयीचे आकडे दडपणे हा गरिबांवरचा अन्याय आहे, आणि हे अभ्यासकांच्या या व्यासपीठावरून स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली शासनाकडे अशी, की योजना बदलण्याचा आदेश निघण्यापूर्वी पाहणी व्हावी आणि निष्कर्ष काहीही आले तरी ते ठरल्या तारखेला प्रसिद्ध व्हावेत. दुसरी तुम्हा अभ्यासकांकडे. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत अर्थशास्त्राचे विभाग आहेत. प्रत्येक विभागाने जवळचे एक गाव किंवा एक वस्ती निवडावी, तीच घरे दरवर्षी पाहावीत, योजनेतून वगळलेल्यांची नावे आधी विचारावीत आणि अहवाल मराठीत लिहून त्याच गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा. अनुदानाची वाट न पाहता हे काम येत्या जूनपासून सुरू करा, अशी माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे.