फाळक्यांच्या घरातले भांडवल

१९११ सालच्या ईस्टरच्या सुमारास धुंडिराज गोविंद फाळके आपला थोरला मुलगा भालचंद्र याला घेऊन गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पडद्यावर जनावरांचे चित्र होते. घरी येऊन मुलाने तो चमत्कार आईला सांगितला. कोणाचाही विश्वास बसेना. पडद्यावर जनावरे हिंडतात, हे कोणी खरे मानावे? दुसऱ्या दिवशी फाळक्यांनी सारे कुटुंबच तिथे नेले. त्या दिवशी मात्र ख्रिस्तचरित्र लागले होते. येशूच्या ठायी फाळक्यांना राम-कृष्ण दिसू लागले, ही पुढची कथा सर्वपरिचित आहे. ती सांगताना त्या मुलाची साक्ष बहुधा गाळली जाते.

आणखी एक गोष्ट गाळली जाते, ती भांडवलाची. विम्याची पॉलिसी गहाण पडली, १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आला, सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले. कच्च्या फिल्मला त्या काळी भोके नसत. दादरच्या घरात अंधारात बसून ती पाडावयाची सरस्वतीबाईंनी. रसायने कालविणे, चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उभे राहणे, साऱ्या मंडळींचा स्वयंपाक, हेही त्यांच्याकडेच. अर्थशास्त्राची क्रमिक पुस्तके भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजक असे चार घटक सांगतात. या बाईंची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची? वेतन नाही म्हणून हिशेबात श्रमही नाहीत! तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळेना, तेव्हा ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहातील आचारी अण्णा साळुंके उभे राहिले. त्यांना दरमहा १० रुपये मिळत. फाळक्यांनी १५ देऊ केले. पुरुषाच्या श्रमाला, मग ते स्त्रीचे सोंग घेऊन का असेनात, दर होता.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यातला रोहिदास म्हणजे हाच भालचंद्र. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मधला बाळकृष्ण झाली फाळक्यांची कन्या मंदाकिनी. म्हणजे घरचीच माणसे पुन्हा कामाला लागली होती. फरक इतकाच की, एव्हाना हिंदुस्थान फिल्म कंपनीत पैसेवाले भागीदार आले होते, आणि खर्चावरून फाळक्यांचे त्यांच्याशी खटके उडू लागले होते.