पटकीची लस : संशोधन, प्रशिक्षण आणि स्वावलंबन

विकसनशील देशांच्या आरोग्याचा विचार करताना एक गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे. जो रोग प्रामुख्याने गरिबांना होतो, त्याच्या लसीला बाजारपेठ आपोआप मिळत नाही. ती लस शोधणे, तपासणे आणि परवडेल अशा किमतीत तयार करणे यांसाठी अनेक राष्ट्रांना एकत्र यावे लागते. पटकीच्या लसीचा इतिहास याचे बोलके उदाहरण होय.

मुंबईतील प्रसिद्ध संस्थेला ज्यांचे नाव लाभले, त्या वाल्देमार हाफकिन यांनी १८९३ मध्ये भारतात पटकीची लस टोचण्यास प्रारंभ केला. १९५९ मध्ये कोलकात्याचे शास्त्रज्ञ शंभूनाथ डे यांनी पटकीचे जंतू आतड्यात विष निर्माण करतात व त्यामुळेच शरीरातील पाणी झपाट्याने निघून जाते, हे दाखवून दिले. टोचण्याच्या जुन्या लसीचे संरक्षण अपुरे आणि अल्पकाळ टिकणारे होते. रोगाचे ठाणे आतड्यात असल्याने प्रतिकारशक्तीही तेथेच निर्माण व्हावी, या विचारातून तोंडाने घ्यावयाच्या लसी पुढे आल्या.

स्वीडनमध्ये अशी लस विकसित झाली. परंतु ती महाग होती. व्हिएतनामने स्वीडिश शास्त्रज्ञांकडून तंत्र आत्मसात करून स्वतःची स्वस्त लस बनविली व लक्षावधी लोकांना दिली. तथापि, त्या देशाच्या औषध नियंत्रण यंत्रणेला तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता नसल्यामुळे ही लस संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांना खरेदी करता येईना. लस चांगली असणे पुरेसे नसते. ती तपासणारी यंत्रणाही तितकीच सक्षम असावी लागते, हा धडा यातून मिळाला.

ही उणीव भरून काढण्याचे कार्य आंतरराष्ट्रीय लस संस्थेने केले. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या पुढाकाराने १९९७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे मुख्यालय दक्षिण कोरियातील सोल येथे आहे. संस्थेने व्हिएतनामी लसीच्या घटकांत सुधारणा केली आणि उत्पादनाचे तंत्र हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सकडे सुपूर्द केले. कोलकात्याच्या झोपडपट्ट्यांत २००६ मध्ये राष्ट्रीय कॉलरा व आंत्ररोग संस्थेच्या सहकार्याने सुमारे ६७ हजार लोकांवर तिची चाचणी घेण्यात आली. दोन मात्रांमुळे मिळालेले संरक्षण पाच वर्षांच्या अखेरीस सुमारे ६५ टक्के आढळले. २००९ मध्ये लसीला भारतात परवाना मिळाला, तर २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला पात्र ठरविले. साथीच्या वेळी तातडीने वापरण्यासाठी २०१३ मध्ये २० लाख मात्रांचा जागतिक साठा उभारण्यात आला.

संशोधनाला प्रशिक्षणाची जोड नसेल, तर ते प्रयोगशाळेतच राहते. म्हणून ही संस्था लसशास्त्राचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमही चालविते. चाचणीची आखणी, प्रत्येक उत्पादित गटाची तपासणी, शीतसाखळी आणि लसीकरणानंतरची नोंद ही कामे त्या त्या देशातील माणसांनीच करावयाची असतात.

तरीही प्रश्न संपलेला नाही. साथी वाढल्या आणि लस अपुरी पडू लागली. त्यामुळे ऑक्टोबर २०२२ मध्ये साथीच्या ठिकाणी दोनऐवजी एकच मात्रा देण्याचा निर्णय घ्यावा लागला. पुढे हैदराबादमधील ते उत्पादनही बंद झाले आणि जागतिक साठ्याची भिस्त काही काळ एकाच कोरियन कंपनीवर राहिली. २०२४ मध्ये त्या कंपनीच्या सुटसुटीत लसीला मान्यता मिळाली, तर भारत बायोटेकने नवी भारतीय लस सादर केली. एकाच कारखान्यावर अनेक देशांचे आरोग्य विसंबून असणे किती धोक्याचे आहे, हे या टंचाईने दाखवून दिले.

लस हा शुद्ध पाण्याला पर्याय नव्हे, हेही विसरून चालणार नाही. तिच्यामुळे काही वर्षांची सवड मिळते. त्या अवधीत गळक्या नळवाहिन्या दुरुस्त करणे, विहिरीत वेळच्या वेळी ब्लीचिंग पावडर टाकणे, पाण्याचे नमुने तपासणीसाठी पाठविणे आणि जुलाबाच्या रुग्णाला तत्काळ क्षार-साखरेचे पाणी देणे ही कामे गावानेच करावयाची आहेत. ग्रामपंचायत, शाळा आणि आरोग्य केंद्र यांनी ती नेटाने केली, तरच शास्त्रज्ञांचे श्रम सार्थकी लागतील.