पडणारे पाणी, पडणारा प्रकाश



पडणे म्हणजे काय, हे जबलपूरच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. भेडाघाटच्या धुवांधारला नर्मदा सुमारे ३० मीटर कोसळते आणि पडता पडता तिच्या पाण्याचा वेग वाढत जातो. त्याच कड्यावरून हिरव्या प्रकाशाचा किरण सरळ खाली सोडला, तर तोही वेग घेईल काय? पुष्कळांचे उत्तर ‘हो’ असे येते, आणि ते अगदीच अडाणीपणाचे नाही. गुरुत्वाकर्षण प्रकाशालाही सोडत नाही. मात्र बदल होतो तो वेगात नव्हे.

हवा आणि तुषार यांचा अडथळा बाजूला ठेवू. कड्यावरचा निरीक्षक असो वा पायथ्याचा, आपापल्या घड्याळाने आणि मोजपट्टीने जागच्या जागी मोजल्यास दोघांनाही प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटरच मिळतो. बदलते ती वारंवारता. हिरव्या प्रकाशाची सेकंदाला सुमारे ६०० लाख कोटी आंदोलने होतात; पायथ्याशी मोजणाऱ्याला त्यांहून दोन अधिक आढळतील. फक्त दोन! वारंवारता आणि तरंगलांबी यांचा गुणाकार म्हणजे वेग. तो अढळ, म्हणून तरंगलांबी त्याच प्रमाणात आखूड होते. वर चढणाऱ्या किरणाचे याच्या उलट. त्याला गुरुत्वीय ताम्रसृती म्हणतात.

ही दोन आंदोलने आली कोठून? खरी मौज येथे आहे. कड्यावरून निघालेले प्रत्येक तरंगशिखर पायथ्याशी पोचते. वाटेत एकही नवे जन्मत नाही, एकही हरवत नाही. फरक आहे तो सेकंदांतच. पायथ्याचे घड्याळ कड्यावरच्या घड्याळापेक्षा किंचित मंद चालते, म्हणून त्याच्या एका सेकंदात अधिक शिखरे मावतात. चढताना प्रकाश ‘थकतो’ ही भाषा सोयीची खरी. पण गुरुत्वाकर्षण काळालाच हात घालते, ही गोष्ट तीत झाकली जाते.

आइन्स्टाइनने हे १९०७ मध्ये ओळखले. पृथ्वीवर प्रयोगाने ते मोजायला १९६० साल उजाडले. हार्वर्ड विद्यापीठात पाउंड आणि रेब्का यांनी लोखंडाच्या अणुकेंद्रातून निघणाऱ्या गॅमा किरणांवर तो प्रयोग केला. त्यांचा मनोरा अवघा २२.५ मीटरचा, म्हणजे धुवांधारहून ठेंगणा.

वेगाच्या अढळपणाबद्दल मात्र ‘जागच्या जागी’ हे शब्द विसरून चालणार नाही. शुक्र आणि बुध यांच्याकडे पाठवलेले रडारचे तरंग सूर्याजवळून जाऊन परततात, तेव्हा त्यांना जास्तीत जास्त सुमारे २०० मायक्रोसेकंद उशीर होतो. शापिरो यांनी १९६४ मध्ये हे भाकीत केले होते. दुरून पाहणाऱ्याच्या हिशेबात प्रकाश तेथे रेंगाळतो. सूर्याशेजारी बसून मोजणाऱ्याला तो नेहमीच्याच वेगाने जाताना दिसेल.

या गणितात महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या एका मराठी घराचा वाटा आहे. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर १९३२ पासून बनारस हिंदू विद्यापीठात शिकवत. त्यांच्याकडे संशोधनासाठी आलेल्या प्र. चु. वैद्य यांनी प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचे समीकरण १९४३ मध्ये सोडवले. जयंत नारळीकरांचे शालेय शिक्षणही बनारसचेच.

आज हा हिशेब प्रत्येकाच्या खिशात आहे. जीपीएस उपग्रहांवरील घड्याळे गुरुत्वाकर्षण सौम्य असल्यामुळे दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात, गतीमुळे ७ मागे पडतात, उरतात ३८. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटरांहून अधिक अंतर कापतो, जवळजवळ जबलपूर ते भेडाघाटची निम्मी वाट. म्हणून त्या घड्याळांची वारंवारता उड्डाणापूर्वीच १०.२३ मेगाहर्ट्झहून अगदी किंचित कमी ठेवलेली असते.