वकिलाचे घर



वकिलांच्या या परिषदेच्या अध्यक्षपदासाठी आपण माझी निवड केलीत याबद्दल मी आपला ऋणी आहे. माझ्यापूर्वी ज्या विद्वानांनी हे आसन भूषविले त्यांच्या पंक्तीत बसण्याची माझी योग्यता नाही, हे वाक्य प्रथेप्रमाणे उच्चारून मी मोकळा होतो. अध्यक्षाने गतवर्षीच्या महत्त्वाच्या निवाड्यांचा परामर्श घ्यावा, नव्या अधिनियमांचे गुणदोष दाखवावेत आणि तुंबलेल्या दाव्यांविषयी चिंता व्यक्त करावी, अशी आपली अपेक्षा असते. निवाड्यांची सूची चिटणिसांनी छापून आपल्या हाती दिलीच आहे. अधिनियमांवर उद्या निबंध वाचले जातील. आणि चिंता तर आपण सर्वच जण तहकुबीचा अर्ज लिहिता लिहिता नित्य व्यक्त करीत असतो. तेव्हा हा परामर्श येथेच आटोपून, ज्या एका गोष्टीसाठी मी हे अध्यक्षपद स्वीकारले, तिच्याकडे वळण्याची अनुज्ञा मी घेतो.

माझी तक्रार आपल्या शोकसभांविषयी आहे. एखादा ज्येष्ठ वकील निवर्तला की दुसऱ्या दिवशी कोर्टाचे काम सुरू होण्यापूर्वी आपण बाररूममध्ये जमतो, दोन मिनिटे उभे राहतो आणि एक ठराव संमत करतो. त्यात दिवंगताचे कायद्याचे गाढे ज्ञान, उलटतपासणीतील त्याचे नैपुण्य आणि नवोदितांविषयी त्याला वाटणारी आस्था हे तीन गुण असतात, आणि नावाची जागा तेवढी कारकुनाने कोरी ठेवलेली असते. हा मसुदा मी इतक्यांदा ऐकला आहे की, माझ्याविषयी तो वाचला जाईल तेव्हा मीच उठून त्यातली चूक दुरुस्त करीन की काय, अशी मला भीती वाटते.

सनद मिळाल्यावर ज्यांच्या हाताखाली मी उमेदवारी केली ते माझे साहेब वसईकडचे एक श्रद्धाळू कॅथलिक गृहस्थ होते. आपल्या नावाचा गाजावाजा त्यांना हयातीतच रुचत नसे, म्हणून येथेही ते नाव मी घेत नाही. वयाची नव्वदी त्यांनी ओलांडली, आणि अखेरपर्यंत त्यांच्या बोलण्यात कलमांचा अनुक्रम चुकला नाही. त्यांच्या निधनानंतर एका वकील मंडळाने तोच छापील ठराव केला. पहाटेची मिस्सा ऐकल्याशिवाय त्यांनी कधी अशिलाचा कागद हाती धरला नाही, हे त्यात नव्हते. सायंकाळी घरात जपमाळेची प्रार्थना सुरू झाली की पक्षकार कितीही धनवान असला तरी त्याला ओट्यावर बसून राहावे लागे, आणि प्रार्थना संपल्यावर त्याच ओट्यावर मुलांचे पाढे, पत्नीने मांडलेला वाण्याचा हिशेब आणि दाव्याची कैफियत ही तिन्ही कामे एकाच कंदिलाच्या उजेडात चालत, हेही नव्हते. मी त्या सभेत उठून दोन शब्द बोलू लागलो, तेव्हा एका प्रतिष्ठित सहकाऱ्याने मला हळूच सुचविले की, धर्म आणि संसार या खाजगी बाबी आहेत. मंडळाचा संबंध केवळ व्यवसायाशी. मी खाली बसलो. आज मला कोणी खाली बसवू शकत नाही.

व्यवसाय निराळा आणि घर निराळे, या मताचे पुरस्कर्ते आजही या सभागृहात पुष्कळ आहेत. त्यांचे लेखही मी आदरपूर्वक वाचले आहेत. त्यांना मी युक्तिवादाने उत्तर देणार नाही. एका विहिरीची हकीकत सांगेन. वसईच्या बाजूच्या दोन भावांची केळीची वाडी वाटली गेली होती, परंतु विहीर सामाईक राहिली होती आणि रहाटाच्या पाळ्या वडिलांनी ठरवून दिल्या होत्या. थोरल्याला दिवसाची, धाकट्याला रात्रीची. काही काळाने धाकटा दिवसाच रहाट जुंपू लागला. थोरला संतापून आमच्याकडे आला. धाकट्याच्या वकिलाने पाठविलेले नोटिशीचे उत्तर भले लांबलचक होते. त्यात 1882 च्या सुविधाधिकार कायद्याचा आधार होता, पूर्वापार वहिवाटीचा दावा होता, वाटपपत्रातील संदिग्धतेचा मुद्दा होता. मी फिर्यादीचा मसुदा मोठ्या उत्साहाने तयार केला. साहेबांनी तो बाजूला ठेवला आणि थोरल्याला एकच प्रश्न केला: “धाकट्याकडे लहान मूल आहे का रे?” होते, अवघ्या काही महिन्यांचे, आणि त्याची आई बाळंतपणापासून अंथरुणाला खिळलेली. ज्या घरात असे मूल असते त्या घरातला पुरुष रात्री रहाटावर उभा राहू शकत नाही, ही गोष्ट सुविधाधिकाराच्या कायद्यात कोठेही लिहिलेली नाही. परंतु ज्याने स्वतः मूल खांद्यावर घेऊन रात्री काढल्या आहेत आणि सकाळी कोर्टात उभे राहून साक्षी घेतल्या आहेत, त्याला ती नोटिशीच्या पहिल्या ओळीतच दिसते. मूल चालू लागेपर्यंत पाळ्यांची अदलाबदल करावी, असा करार मुद्रांक कागदावर झाला आणि दोघा भावांनी त्यावर सह्या केल्या. माझा मसुदा रद्दीत गेला. व्यवसायाचा आणि घराचा संबंध काय, हा वाद माझ्यापुरता त्या दिवशी निकालात निघाला.

आता कोणी म्हणेल की, मुफसलच्या एका वकिलाचे हे गुण मोठ्या न्यायसभेत काय कामाचे? त्याच्यासाठी मी एका फार मोठ्या माणसाची साक्ष काढतो. आपल्या आजोबांच्या पिढीला आयर्लंडचा इतिहास मुखोद्गत असे. नरसिंह चिंतामण केळकरांनी तो मराठीत लिहिला, आणि तेथल्याच चळवळीच्या धर्तीवर 1916 साली बेळगावात होमरूल लीग स्थापन झाली तेव्हा तिच्या अध्यक्षपदी माझगावचे कॅथलिक बॅरिस्टर काका बॅप्टिस्टा बसले. त्या पिढीला डॅनियल ओकॉनेल या आयरिश पुढाऱ्याचे नाव परिचित होते, परंतु मोठमोठ्या सभांचा नायक म्हणून. त्याच्या घराची हकीकत कोणी सांगत नसे, आणि माझ्या मते त्याचा सारा अर्थ त्या घरात होता.

1775 साली केरी परगण्यात जन्मलेला हा मनुष्य 1798 च्या मे महिन्यात वकील झाला. कॅथलिकांना आयर्लंडात वकिली करण्याची मुभा मिळून तेव्हा थोडीच वर्षे लोटली होती, आणि राजाच्या वरिष्ठ वकिलांचा रेशमी झगा त्यांना 1829 पर्यंत मिळणार नव्हता. म्हणजे ज्याच्याकडे देशातले सर्वाधिक काम होते तो वर्षानुवर्षे सुमार बुद्धीच्या रेशीमधाऱ्यांच्या मागल्या बाकावर बसला. 1802 मध्ये त्याने मेरी नावाच्या एका दरिद्री नातलग मुलीशी गुप्तपणे विवाह केला. ज्या धनाढ्य काकाच्या वारशावर त्याची भिस्त होती त्याला हा विवाह कळताच त्या वारशाला कात्री लागली. तरुणपणी डळमळलेली त्याची श्रद्धा या पत्नीच्या सहवासात पुन्हा स्थिरावली. डब्लिनमधील मेरियन चौकात पहाटे जाणाऱ्यायेणाऱ्यांना त्याच्या खिडकीतून दिवा दिसे, कागदांचा ढीग दिसे आणि समोर टांगलेला क्रूस दिसे. त्यांची सात मुले वाढली. हात सैल असल्यामुळे कर्ज कधी फिटले नाही. 1822 पासून दोन वर्षे खर्च आटोक्यात आणण्यासाठी पत्नीला मुलांसह परदेशी ठेवावे लागले. कोर्टातले कज्जे जिंकणारा हा पुरुष घरखर्चाचा दावा मात्र नित्य हरत असे.

1815 साली एका द्वंद्वयुद्धात त्याच्या हातून प्रतिस्पर्धी डेस्टेर मारला गेला. पुढे तो त्या मृताच्या मुलीला वर्षासन देत राहिला, आणि प्रभुभोजन घेण्यास जाताना उजव्या हातात हातमोजा घालू लागला. धर्मनिष्ठा वकिलाला मवाळ करते, असे ज्यांना वाटते त्यांनी यानंतरचे, 1829 चे डोनेरेलच्या खुनी कटाचे प्रकरण वाचावे. पहिल्या खटल्यात चौघांना फाशीची शिक्षा झाली होती आणि उरलेल्यांचे नातलग रात्रीतून ओकॉनेलच्या डेरिनेन येथील घरी धावले. तो सुमारे नव्वद मैलांची मजल मारून कॉर्कच्या न्यायालयात पोहोचला, सरकारी वकिलाचे भाषण चालू असताना दूधपाव खात बसला आणि खाता खाताच त्याची विधाने खोडीत राहिला. दुसऱ्या खटल्यात पंचांचे एकमत झाले नाही, तिसऱ्यात आरोपी सुटले, आणि त्या चौघांची फाशीही टळली. त्याच वर्षी पार्लमेंटच्या दारात, आपल्या धर्माला नाकारणारी शपथ घेण्यास त्याने नकार दिला होता. प्रतिपक्षाच्या वकिलाला दुधाच्या घोटाबरोबर गप्प करणारा आणि मृताच्या मुलीसाठी पदरमोड करणारा हे दोन निराळे पुरुष होते, असे ज्याला म्हणावयाचे असेल त्याने म्हणावे.

1836 मध्ये मेरी गेली. त्यानंतर साडेदहा वर्षे तो जगला. तुरुंगवास भोगला, देशात दुष्काळ पाहिला, आणि 1847 च्या मे महिन्यात रोमच्या यात्रेला जात असताना जिनोआ येथे वारला. त्याचे हृदय रोमला गेले, देह आयर्लंडला परत आला. या सत्तर वर्षांपलीकडच्या आयुष्याचे मोल केवळ जिंकलेल्या खटल्यांच्या यादीवरून कोणी ठरविले, तर त्याला मी मुन्सफाच्या कचेरीतल्या निकालनोंदवहीइतकीच किंमत देईन.

माझ्या साहेबांचे नाव कोणत्याही इतिहासात येणार नाही. विहिरीचा करारही त्या कुटुंबात कोणी जपून ठेवला असेल, असे नाही. एवढ्याचसाठी माझी सूचना आहे की, जुन्या वकिलांच्या टाचणवह्या, घरची पत्रे, पत्नी आणि मुले यांच्या आठवणी, जुन्या पक्षकारांची कथने गोळा करण्याचे काम परिषदेने हाती घ्यावे. त्यासाठी एखादे मंडळ नेमावे लागेल. त्याची घटना, निधी आणि कार्यकक्षा यांचा विचार कार्यकारिणी यथावकाश करील, अशी मी आशा बाळगतो. त्यात ख्रिस्ती, मुसलमान, पारशी व्यवसायबंधूंची घरे वगळली जाऊ नयेत, एवढे मात्र मी आजच बजावतो, कारण वगळण्याची आपली सवय जुनी आहे.

शोकप्रस्तावाचा छापील मसुदा यापुढे वापरू नये, असा ठराव मला मांडावयाचा होता. परंतु अध्यक्षाला ठराव मांडता येत नाही, असे नियमांची प्रत हाती घेऊन चिटणीस सांगत आहेत. तेव्हा तो सभागृहातील कोणी तरी मांडावा, आणि ज्यांना विरोध करावयाचा असेल त्यांनी दुपारच्या बैठकीत तो अवश्य करावा. मी तेथे आहे.