भट्टीवर जन्मलेल्या आईचे कागद

दिवाळी सरली की शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्या ओस पडतात. माणसं वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. भट्टीवरच्या झोपडीत मूल जन्मतं, त्याची नोंद राहून जाते. तीच मुलगी पुढे आई होते, आणि लेकराच्या जातीच्या दाखल्यापाशी प्रश्न येतो, आई कुठची? पत्र्याची पेटी उघडली तर निघतं पावसानं चिकटलेलं एक रेशनकार्ड.

मायबाई, घाबरू नका. आधी नागरिकत्वाचं बोलू. 26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 या काळात इथे जन्मलात, तर कायद्यानं तुम्ही जन्मानंच भारतीय आहात. आधारकार्ड मात्र नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, हे लक्षात असू द्या.

जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, मूळ गावी नाही. मुदत 21 दिवसांची. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. जातीच्या दाखल्याला 6 सप्टेंबर 1950 रोजीचं कुटुंबाचं वास्तव्य पाहतात. त्यासाठी आजोबांचं नाव कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना 14 मध्ये, जरूर शोधा. मोडी लिपीतली नोंद असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या. कागदच नसतील तर गृहचौकशीची मागणी करा.

आदिवासींसाठी 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात कातकरी समाज आहे. शहापूरच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात या अभियानाची चौकशी करा, आणि भट्टीवर निघण्याआधीच करा.