दगडावरची एक बाजू
(शाळेच्या सभेंत केलेलें भाषण)



इराणचा राजा दरायस इ. स. पू. 522 मध्यें गादीवर बसला, तोंच एलाम, बाबिलोन, मीडिया असे प्रांतामागून प्रांत उठले. वर्षभरांत आपण 19 लढाया जिंकल्या व 9 राजे धरले, असें त्यानें बेहिस्तूनच्या कड्यावर तीन भाषांत कोरविलें आहे.

हीं बंडें कां झालीं? लेख म्हणतो, खोटेपणा माजला म्हणून! ज्या गौमाताला ठार करून दरायसनें गादी घेतली, त्याला तो तोतया म्हणतो. पण ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो कीं, त्या 'तोतया'नें प्रजेला तीन वर्षें कर व लष्करची चाकरी माफ केली होती. तो मेल्यावर इराण्यांखेरीज सारा आशिया हळहळला. तो सायरस राजाचा खरा मुलगाच असावा, असेंही कित्येक पंडितांना वाटतें.

पुढें दरायसनें 20 सुभे पाडले, सुभ्यासुभ्याचा कर ठरविला, आणि राज्य टिकलें. तो कर्ता खराच! पण कर भरणाऱ्याचें म्हणणें त्या कड्यावर कोठेंच नाहीं. कोरलेलें वाचाल तेव्हां कोरविणारा कोण, एवढें विचारीत जा, हीच विनंती.